कॅबिनेटमधली कुंभारीण

श्रावणातल्या एका रविवारी, परतूरच्या आमच्या घरी, मी कॉम्प्युटर रंगवायला घेतला. म्हणजे त्याचं पत्र्याचं कॅबिनेट... आतले अवयव आमच्या सूनबाईंनी, मेघानं, स्वतःच काढून कापडात गुंडाळून ठेवले होते. माझा हात कुठपर्यंत जाऊ द्यायचा, हे तिला बरोबर कळतं.

मेघा याच कॉम्प्युटरवर शाळांचे पेपर टाइप करून देते. डबा गंजला तेव्हा चिरंजीव म्हणाले, नवीनच घेऊ. मी म्हटलं, आत्मा शाबूत असताना देह कशाला टाकायचा? जन्मभर संस्कृत शिकवलेल्या माणसाला गंजातसुद्धा वेदान्त दिसतो... काय करणार!

पॉलिश पेपरनं डबा घासला, आतून-बाहेरून लाल प्रायमर मारला आणि पडवीत वाळत ठेवला. दमट हवेत तो आठवडाभर वाळतच राहिला.

पुढच्या रविवारी एका बाजूला निळा ऑइल पेंट लावून झाला आणि डब्यातून आवाज आला. बारीक, एकसुरी... सगळं सामान कपाटात असताना डबा चालू कसा?

आत वाकून पाहिलं. वरच्या कोपऱ्यात चिखलाची मडकी, एकाला एक चिकटलेली, आणि शेवटच्या मडक्याच्या तोंडाशी कुंभारीण. ही बारीक कमरेची माशी ओल्या मातीची गोळी आणायची, गुणगुणत थापायची, पुन्हा जायची. ना चाक, ना माप... आणि मडक्याचा काठ असा गोल, की माझ्या हातातला ब्रश मी गुपचूप खाली ठेवला.

मग तिनं एक हिरवी अळी आणली, आत कोंबली आणि तोंड लिंपून टाकलं. आमच्या शास्त्रकारांना वाटायचं की माशीची गुणगुण ऐकून, तिचाच ध्यास घेऊन, आतली अळी माशी होते. कल्पना फार सुंदर आहे. अळी मात्र तिथं पिल्लांचा जेवणाचा डबा म्हणून आलेली असते... तिचं मत कोणी विचारलेलं नाही.

हे सगळं मी कौतुकानं सुलभाला दाखवलं. सुलभा म्हणजे आमच्या सौभाग्यवती. तिनं पाहिलं, डोळे मोठे केले आणि हळद-कुंकवाचं तबक घेऊन आली.

आमच्याकडे समजूत आहे की कुंभारणीनं घर केलं, की त्या घरात पाळणा हलतो. मेघाच्या लग्नाला काही वर्षं झालीत, पाळणा माळ्यावरच आहे. सुलभानं भक्तिभावानं बोटं टेकवली... ती नेमकी ओल्या निळ्या रंगावर. हळद चिकटली, कुंकू चिकटलं, वर बोटांचे ठसे.

"आता याला कोणी हात लावायचा न्हाई," तिनं जाहीर केलं. मला आणि गल्लीलाही.

मग बायका दर्शनाला येऊ लागल्या. कॅबिनेटच्या दर्शनाला! मला आधी हसू आलं. नंतर लक्षात आलं, प्रत्येकीची नजर डब्यावरून निघते आणि थेट मेघाच्या पोटाशी थांबते. मेघा चहा ठेवायची आणि आत जायची. कामाचं निमित्त सांगायला बिचारीजवळ कॉम्प्युटरही नव्हता.

एका दुपारी सुलभा बाजारात गेल्याचं पाहून मी स्क्रू ड्रायव्हर घेतला. म्हटलं, घर खरवडून काढू, म्हणजे पोरीमागची ही कटकट तरी संपेल. मागून मेघा आली.

"बाबा, मोडू नका."

"अगं, तुझ्यासाठीच..."

"माझं राहू द्या. तिची लेकरं आहेत आत."

मी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. दुसरं काय करणार होतो?

पोळा झाला, गणपती आले. एका सकाळी मेघाची हाक आली, "बाबा, जल्दी या! आई, तुम्ही पण!" सुलभा दुधाचं पातेलं हातात घेऊनच धावली.

एका मडक्याला आतून भोक पडत होतं. मातीचा कण खाली पडायचा... थोडं थांबायचं... पुन्हा एक कण. मग दोन मिशा बाहेर आल्या, मग डोकं, मग ती कमर. ती काठावर बसली, पाय पुसले, पंख एकदा उघडून पाहिले आणि उडाली. सरळ, अंगणापलीकडे. आईची कधी भेट नाही, शिकवायला कोणी नाही... शिकवण्यावर जन्म काढलेल्या मला जरा अपमानच वाटला. पण अंगावर काटा आला होता, तोही खरा.

दिवसभरात सगळी मडकी उघडली. मेघा तिथून हलली नाही. ती हसत होती की रडत होती, मला कळलं नाही. सुलभाला कळलं असावं, कारण ती डब्याकडं पाहायचं सोडून मेघाकडंच पाहत होती.

संध्याकाळी शेजारच्या रुख्माकाकू आल्या. "उघडलं म्हणं घर! मंग वैनी, आमच्या मेघाची काय बातमी?"

सुलभा शांतपणे म्हणाली, "बातमी हाय ना. कुंभारणीला लेकरं झाली, समदी सुखरूप. विचारायचं ते तिलाच विचारा. मेघाला पेपर टाइप करायचेत, तिला न्हाई विचारायचं."

रुख्माकाकूंनी चहा संपवला आणि पावसाचा विषय काढला.

त्या एका दिवसात पडवीत मी दोनदा थक्क झालो... दुसऱ्यांदा जरा जास्तच.