अर्ध्या ऐनाचे अकरा रुपये

१९४३ च्या हिवाळ्यात, कळमनुरीच्या बाजाराच्या दिवशी, एका सोनाराने माझ्या सांगण्यावरून तांड्यावरच्या बाईच्या हाली रुपयावर छिन्नी चालवली.

मी तेव्हा तिथल्या शाळेत शिकवत होतो आणि रियासतीची नाणी जमवत होतो. हाली, म्हणजे रियासतीच्या टांकसाळीच्या, रुपयावर चारमिनार असतो आणि त्याच्या मधल्या कमानीत राजाच्या नावाचे पहिले उर्दू अक्षर, ऐन. कारकिर्दीच्या सुरुवातीच्या रुपयांत हा ऐन अर्धा आहे. वरचा बाक तेवढा, खालची शेपटी नाही. पुढच्या रुपयांत तो पूर्ण दिसतो. हातात येईल तो रुपया मी सहा वर्षे निरखत होतो. अर्ध्या ऐनाचा एकच सापडला होता. त्यावरून तो दुर्मीळ आहे असे मी ठरवले होते.

बाईने सोनारासमोर फडके सोडले. लेकीचे लग्न चार दिवसांवर होते. आईची माळ मोडून तिचे अकरा रुपये नव्या कड्या लावायला आणले होते. मी एकेक उचलून पाहिला. अकराही अर्ध्या ऐनाचे. चारमिनाराची बाजू ठसठशीत, मागची मात्र गुळगुळीत. खोट्या रुपयांची कुजबुज तेव्हा बाजारात होतीच.

"हे ओतलेले दिसतात," मी सोनाराला हळूच म्हणालो. "एक बाजू उठलीच नाही. आणि अकरा एकदम येतील कुठून?"

सोनाराने माझ्याकडे पाहिले, मग बाईकडे. तिने हात पुढे करायच्या आत त्याने एका रुपयाच्या कडेवर छिन्नी ठेवून हातोडी मारली. चिरेत आतपर्यंत चांदी होती.

"काहून तोडला?" बाई ओरडली. "मागची बाजू अंगाला लागती, घासनारच की! चाळीस उन्हाळ्याचा घाम हाय माझ्या मायचा!"

चाळीस नसावेत, त्या रुपयाला तेव्हा तीसच वर्षे झाली होती. इतके एकसारखे कसे, एवढेच मी विचारले.

"नवे निघाले तवा चकचकीत व्हते. तांड्यातल्या बायांनी तेच उचलले. आमच्यात घरोघर हायेत. तुमी बाजारात हुडकून राहिले, मास्तर, अन् ते आमच्या गळ्यात."

सोनार डाग देऊन चीर सांधायला निघाला. तिने रुपया ओढून घेतला. "सोयऱ्यांनी अकरा पाहून ठेवलेत. चिरलेला लावला तर म्हनतील, खोटा व्हता म्हून तपासला. लेकरू तिथं कसं नांदंल?"

मी घरी जाऊन माझा एकुलता अर्ध्या ऐनाचा रुपया आणला आणि तिच्यापुढे धरला. तिने तो उलटसुलट पाहिला.

"याचा काय भरवसा? दोन्हीकून झिजलाय."

"तुमच्या रुपयासारखाच आहे, बाई."

"मघा तर आमचा खोटा व्हता."

तिने सोनाराला तो कसोटीवर घासायला लावला, मग तिच्या एका रुपयासमोर तराजूत टाकायला लावला. माझा किंचित हलका भरला. तिने तो पारड्यातून उचलून सोनारापुढे ठेवला.

"लावा कडी. पर माझ्या डोळ्यापुढं."

सोनाराने डाग देऊन माझ्या रुपयाला कडी जोडली. मिनाराच्या टोकावर काळा ठिपका पडला. चिरलेला रुपया तिने मला दिला नाही, कनवटीला लावला. अकरा रुपयांची माळ घेऊन ती पुसेगावच्या गाडीत बसली.