मी नुसती बघणार होते

गप्प बसण्याच्या परीक्षेत मी रीतसर नापास झालेली बाई आहे.

इंग्लंडमध्ये, मिल्टन कीन्सला माझं टीचर ट्रेनिंग चालू होतं. त्यात संशोधन कसं करायचं, ते शिकवणारा ऑनलाइन कोर्स. काम सोपं! कुणी काही नवीन शिकत असेल त्याच्याकडे बघायचं, नोंदी करायच्या, व्हिडिओ थेट कोर्सवर अपलोड होत राहणार. अट एकच, मध्ये बोलायचं नाही. बोललात की नापास. आणि नापास म्हणजे सप्टेंबरपासूनची शाळेतली नोकरी गेली!

पुण्याहून आलेल्या सासूबाईंना स्कोन, म्हणजे इथले चहाबरोबर खायचे छोटे पाव, शिकायचे होते.

"आई, मी नुसती बघणार हं. बोलणार नाही."

"बघ की! मी काय पळून जातेय?"

लॅपटॉप लावला. ओट्यावर मऊ ऊन पडलं होतं, त्यात पीठ तरंगत होतं. असंच ऊन माझ्या वर्गात येईल, मुलं माना खाली घालून लिहीत बसतील, मी खिडकीशी उभी असेन... (नोंदवही कोरीच!)

"अगं, लोणी पुरे का एवढं?"

मी गप्प.

"चहा टाकू तुला?"

मी गोड हसले. (हसायला बंदी नव्हती!)

त्यांचा चेहरा उतरला. "काल तुझ्या भाजीला मीठ कमी म्हटलं, म्हणून का?"

आमच्या घरात गप्प बसणं म्हणजे रुसणं, दुसरा अर्थच नाही! त्यांनी पिठाच्या हातानेच मुलाला फोन लावला. "नितीन, काय बोललास रे हिला?"

नितीन ऑफिसमधून गाडी हाणत आला. हातात ट्यूलिप! "सॉरी गं! पण काय चुकलं ते तरी सांग!" (लग्नानंतरची पहिली फुलं. तरी मी तोंड उघडलं नाही!)

सासूबाईंनी डोळे पुसले. "माझं परतीचं तिकीट काढ बाबा."

"अहो आई, अभ्यास आहे हो हा!" मी किंचाळले.

कोर्सची ट्यूटर भली बाई. तिने आणखी एक संधी दिली, शेवटची. नितीनने आईला सगळं नीट समजावलं. मी पुन्हा लॅपटॉप लावला, त्या निमूट पीठ मळायला लागल्या. हूं नाही की चूं नाही. ऊन तसंच मऊ, घर कसं शांत. पण बराच वेळ झाला तरी सासूबाई माझ्याकडे बघेचनात!

"आई... रागावलात का हो माझ्यावर?"

रेकॉर्डिंगमध्ये माझा आवाज फार स्वच्छ आलाय.