दत्ताच्या नावाला उत्तर कोण देणार

कार्यक्रम रविवारी होता. शनिवारी सकाळी आयर्लंडमध्ये ॲथलोनच्या घरी मी ब्लेझरला मेडल्स लावत होतो, तेवढ्यात भोसलेचा फोन आला.

"मिलिंद, उद्या दत्ताच्या नावाला मी उत्तर देतो. तू मागे बस."

"का?"

"सगळ्यांच्या बायका-पोरं असतात रे. समजून घे."

निवृत्त मेजर भोसले माझा कोर्समेट. एकाच बटालियनमध्ये तो कंपनी कमांडर होता आणि मी सिग्नल ऑफिसर. आता तो गॉलवेला मेडिकल डिव्हाइसच्या कंपनीत आहे, मी इथे टेलिकॉममध्ये. आयर्लंडमध्ये येऊन पडलेले आम्ही काही फौजी वर्षातून एकदा त्याच्या घरी जमतो आणि गेलेल्यांची हजेरी घेतो. आमच्या बटालियनची एक रीत आहे. गेलेल्या जवानाचं नाव पुकारलं की ज्याचा आवाज त्यानं शेवटचा ऐकला, त्यानंच उभं राहून म्हणायचं, "हाजिर आहे, साहेब." दुसऱ्या कुणी तोंड उघडायचं नाही. नाईक दत्ता पवारच्या नावाला दरवर्षी मी उत्तर देतो.

समजून काय घ्यायचं ते मला कळलं होतं. वसंतात मी कॉनरशी लग्न केलं. तो नर्स आहे. ही बातमी मी सर्वांत आधी भोसलेला दिली होती. पठ्ठ्या लग्नाला आला, पोटभर जेवला, आम्हा दोघांच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढले. "ग्रँड, लेका," असंही म्हणाला होता.

या कार्यक्रमाच्याच आठवड्यात कंपनीनं मला पूर्व युरोपातल्या एका देशात साइटवर पाठवायचं ठरवलं होतं. त्यासाठी एचआरच्या नीवनं ब्रीफिंग दिलं. "युरोपियन युनियनमध्ये कुठेही जा, नवरा आहे म्हणून तुझ्या नोकरीला कुणी हात लावू शकत नाही. भाड्याचं घर, हॉटेल, दुकान यांचं मात्र प्रत्येक देशात वेगळं आहे. आयर्लंडमध्ये तेही कायद्यात येतं. तिथे येत नाही, म्हणून घर कंपनी बघेल." प्रवासभत्ता समजावून सांगावा तशा आवाजात बाई बोलत होती. मोबाइलच्या रेंजसारखंच हे, इथे फुल, डोंगरापलीकडे गायब. मी ज्या वर्दीत होतो तिथे 'माझा नवरा' असं नुसतं उच्चारलं असतं तर वर्दी उतरली असती. शेवटी ती मी स्वतःच उतरवली. त्या दिवशी घरी येऊन कॉनरला हे सांगताना मला रडू आलं.

म्हणून भोसलेच्या फोननंतर मी नीवला फोन लावला. सुट्टी असूनही तिनं उचलला.

"तुला घरमालकानं हाकललं असतं तर मी भांडले असते," ती म्हणाली. "मित्राच्या दिवाणखान्यात कायदा येत नाही, मिलिंद. सॉरी."

आता दत्ताबद्दल. तो रेडिओ ऑपरेटर. हिमस्खलनात त्याची पोस्ट गाडली गेली, तेव्हा बंकरमध्ये तो एकटा जिवंत होता आणि सेट चालू होता. बचाव तुकडीला पोचायला संध्याकाळ होणार होती. कमांडिंग ऑफिसरांनी मला ऑर्डर दिली, "त्याला बोलतं ठेव. झोपू द्यायचं नाही."

सकाळपासून मी सेटवर होतो. त्याचं गाव झालं, म्हशी झाल्या, बायकोच्या हातचं कालवण झालं. दुपारपर्यंत माझ्याकडचं बोलणं संपलं. मग तोच म्हणाला, "साहेब, तुमी लगीन का न्हाई केलं? ओव्हर."

मी त्याला खरं सांगितलं. तोवर आईलासुद्धा सांगितलं नव्हतं.

"मग येखादा चांगला माणूस बगा की, साहेब. येकटं ऱ्हाऊ नगा. ओव्हर."

त्यानंतर त्याचा आवाज आला नाही. तुकडी पोचेपर्यंत मी कॉल देत राहिलो. भोसले त्या दिवशी पुण्यात होता, सुट्टीवर.

रविवारी कॉनरनं मला गॉलवेला सोडलं. "मी गाडीतच थांबतो," म्हणाला. आत मी शेवटच्या खुर्चीवर बसलो. नावं सुरू झाली.

"नाईक दत्ता पवार."

भोसले उभा राहिला. "हाजिर आहे, साहेब."

माझं तोंड उघडलं होतं. पण रेडिओ नेटवर दोन स्टेशनं एकदम बोलली की कुणाचंच ऐकू जात नाही. दत्ताच्या नावावर असा गोंधळ मला नको होता. मी गप्प बसलो, आणि अंगाचा नुसता तिळपापड झाला.

चहाच्या वेळी मी त्याला किचनमध्ये गाठलं. तो प्रेसमधून, इकडे कपाटाला हेच म्हणतात, कप काढत होता.

"त्या दिवशी तू कुठे होतास?"

"सुट्टीवर. तुला माहितीये."

"मग त्यानं तुझा आवाज कसा ऐकला?"

तो कप मांडत राहिला. "मिल्या, माझ्या मनात काही नाही रे. पण लोक…"

"हे ऑफिसात केलं असतंस तर जाब द्यावा लागला असता. घरात केलंस म्हणून सुटलास."

"चहा घेऊन जा," तो म्हणाला. ज्याच्या भरवशावर मी गस्तीला निघायचो तो हाच माणूस, हे मला अजून पचलेलं नाही.

मी बाहेर आलो. गाडीत बसून कॉनरला सगळं सांगितलं. दत्ता त्याला ठाऊक आहे, रीतही ठाऊक आहे. तो खाली उतरला, फुटपाथवर ताठ उभा राहिला. शेजारी गवत कापणाऱ्या माणसानं मशीन बंद करून पाहिलं.

"नायक डाटा पावर," कॉनर मोठ्यानं म्हणाला.

मी उतरलो, टाचा जुळवल्या. चांगला माणूस बगा, म्हणाला होता दत्ता.

"हाजिर आहे, साहेब."