दैवशालाची जोडवी

जळकोटच्या गुंडाप्पा पोतदारांनी चाळीस वर्षं देवापितरांचे मुखडे उठवलेले चांदीचे टाक ठोकले, पण हरणाबाईच्या टाकानं त्यांना पार रडवलं.

हरणाबाईची सून दैवशाला दोन वर्षांमागं तापानं गेली. आता मुलाचं दुसरं लग्न ठरलेलं. रीतच आहे, दुसरीनं उंबरा ओलांडायच्या आधी पहिलीचा टाक देव्हाऱ्यात बसला पाहिजे. हरणाबाईनं पदराची गाठ सोडून सुनेची जोडवी समोर ठेवली.

"गुंडाप्पा, ह्याच चांदीचा करा. दुसरी कणभर घालू नका. सून न्हवती, लेक व्हती माझी."

"व्हय बाई, काळजी करू नका."

जोडवी वितळवून त्यांनी पत्रा काढला. लोण्यासारखा मऊ! तो साच्यावर ठेवायचा, वर शिसं ठेवून ठोकायचं, की मुखडा उठतो. मग शिसं पुसून पत्रा तापवायचा आणि पुन्हा ठोकायचा. ह्या पुसण्यात कसूर केली म्हणून बापानं एकदा थोबाडीत दिली होती. पण आता डोळ्यात मोतीबिंदू! मोहरीएवढं शिसं मागं चिकटून राहिलं, ते दिसलंच नाही. विस्तवावर ते चांदीत मुरलं. पुढचा हातोडा पडला आणि दैवशालाचा मुखडा कपाळापासून हनुवटीपर्यंत तडकला.

"मेलो रे देवा!"

पुन्हा वितळवलं, शिसं जाळायला सवागी टाकली, सोरा टाकला. पत्रा बिस्किटासारखा फुटला. तिसऱ्यांदा मुखडा कसाबसा उठला, तर कडाच गळून पडल्या. अरे, मोहरीएवढ्या शिशानं एवढी चांदी नासावी, काय म्हणावं ह्याला! सोलापूरला चांदी शुद्ध करून मिळते, पण तिथं साऱ्या गावांची एकाच भट्टीत पडते. परत येते ती भलत्याच कुणाची. आणि हळद तर उद्यावर आलेली.

शेवटी गुंडाप्पांनी डोळे पुसत स्वतःच्या पेटीतली चांदी काढली.

हरणाबाईनं नवा टाक गालाला लावला. "आली गं बाय माझी घरला! गुंडाप्पा, तिचीच चांदी न्हवं?"

खरं सांगायचं होतं हो.

"व्हय," ते म्हणाले.

तो कडा गळालेला टाक आता गुंडाप्पांच्याच देव्हाऱ्यात आहे. रोज सकाळी ते त्याला हळदकुंकू वाहतात. बायकोनं, गंगम्मानं, एकदा विचारलं, "अवं, ही आपल्या घरातली कोण?"

"आपली न्हाय," गुंडाप्पा म्हणाले. "हरणाबाईची लेक हाय. माझ्यापायी तिला घरी जाता आलं न्हाय."