पाटाकडच्या भिंतीवरचा बैल

आमच्या बेलापुरात पाटाच्या कडेने चालायला चांगला रस्ता झाला, तेव्हा सुरुवातीला सगळं गाव तिथे नुसतं मिरवून घेत होतं. जन्मात कधी उगाच म्हणून चालले नाहीत ते पांढरे बूट घालून सकाळी सकाळी हजर! मीही त्यातलीच. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाले होते, आणि दिवसभर घरात बसून सुनेच्या डोक्यावर मिरे वाटत होते. सून तसं बोलायची नाही, पण तिच्या भांड्यांच्या आवाजावरून कळायचं.

रस्त्याच्या एका अंगाला लांबलचक सिमेंटची भिंत आहे. तिच्यावर पानाच्या पिचकाऱ्या आणि फाटक्या जाहिराती. तरुण मुलांनी टूम काढली, प्रत्येक गल्लीने भिंतीचा एक तुकडा घ्यायचा आणि रंगवायचा. आमच्या गल्लीने मला पुढे केलं. "बाई, तुमी फकस्त उभ्या ऱ्हा," म्हणाले. उभी कसली राहते मी! दुसऱ्या दिवशी शिडीवर. उद्घाटन पोळ्याला होतं, म्हणून आम्ही बैल काढायचं ठरवलं.

त्याच सुमारास शेजारच्या वहिनी माझ्याकडे आल्या. त्यांच्या मालकांना सगळी गल्ली आबा म्हणते. मी या गल्लीत नवी नवरी म्हणून आले, तेव्हा माझं सामान आबांच्याच बैलगाडीतून आलं होतं. उन्हाळ्यात त्यांच्या जोडीतला एक बैल मेला. एकट्या बैलाचं करायचं काय? लेकाने ट्रॅक्टर आणलेला होताच. आबा उरलेल्या बैलाला घोडेगावच्या बाजारात घेऊन गेले आणि नुसतं दावं घेऊन परत आले. तेव्हापासून माणूस रिकाम्या गोठ्यात बसलेला. बोलणं बंद, आणि जेवण म्हणजे ताटात हात घालून उठायचं.

"बाई, लई भ्या वाटतं वो," वहिनी म्हणाल्या. "असंच चाललं तर मानूस हाती लागायचा न्हाई. तुमच्या संगं न्या त्यास्नी. रंगाचे डबे तरी धरतील."

मी आबांना जवळजवळ ओढतच नेलं. डबे धरणं राहिलं बाजूला, ते आपले पाटाच्या कठड्यावर, पाण्याकडे तोंड करून बसले. मी रोज नेत राहिले, ते रोज तसेच बसत राहिले. इकडे माझा बैल झकास उतरत होता. उंच वशिंड, सरळ शिंगं, अंगावर झूल. एका सकाळी मी झुलीचे गोंडे रंगवत होते, तेवढ्यात मागून आवाज आला.

"कुनाचा ह्यो?"

मी शिडीवरून पडायचीच बाकी होते. "कुणाचा म्हणजे? चित्रातला बैल आहे, आबा."

"बैल कुनाचा तरी असतोच की," ते म्हणाले, आणि पुन्हा पाण्याकडे वळले.

मला रागही आला आणि हसूही. अहो, इतक्या दिवसांनी तोंड उघडलं ते माझं चित्र मोडीत काढायला! संध्याकाळी वहिनींना गाठून विचारलं, तुमचा विकलेला बैल दिसायला कसा होता? एक शिंग जरासं खाली झुकलेलं, कपाळावर पांढरा ठिपका, त्यांनी सांगितलं. सकाळी मी शिंग खोडून परत काढलं आणि ठिपका दिला. आबांनी पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून ते आपले आपण यायला लागले आणि भिंतीकडे तोंड करून बसायला लागले.

पोळ्याच्या सकाळी शेवटचा हात फिरवायला मी लवकर गेले. पाहते तो काय, बैलाच्या खांद्यावर हा एवढा पिवळा, तेलकट डाग! माझं डोकंच फिरलं. येणाऱ्या जाणाऱ्या प्रत्येक पोराला फैलावर घेतलं. "आमी न्हाई बाई, देवाशप्पत!" सगळे एका सुरात. पाहुणे यायची वेळ होत आली. मी फडकं रॉकेलमध्ये बुडवलं, तेवढ्यात वहिनी हातातलं नैवेद्याचं ताट सांभाळत धावत आल्या.

"बाई, पुसू नका! खांदेमळन हाय ती."

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाच्या खांद्याला हळद आणि तूप चोळतात. वर्षभर जू ओढलेलं असतं ना, म्हणून. आणि उद्या जेवायला या, असं त्याला आवतण देतात. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण भिंतीचा खांदा कुणी मळतं का?

"काल ह्ये वाटीत हळद-तूप घिऊन गेले," वहिनी पदर डोळ्यांना लावत म्हणाल्या. "म्हन्ले, त्येच्या खांद्याला हात बी न लावता इकला मी. आन् घरी यिऊन म्हन्ले, उद्या पुरन घाल. उन्हाळ्यापासनं पयल्यांदा काई मागितलं बघा."

मी फडकं पिशवीत कोंबलं.

उद्घाटनाला आलेले पाहुणे नेमके तिथेच थांबले. "इथे डाग पडलाय वाटतं?"

"डाग नाही, खांदा मळलाय," मी फटकन म्हणाले. "पोळा आहे आज." ते बिचारे गुमान पुढे गेले.

गर्दी पांगल्यावर आबा भिंतीपाशी आले. ताटातल्या एकुलत्या एका पुरणपोळीचा घास मोडून त्यांनी बैलाच्या तोंडाला लावला. माझ्या रंगाला पुरण फासलं गेलं, लागू दे. घास खाली ठेवून त्यांनी हात जोडले. मग कठड्यावर बसले आणि उरलेली सगळी पोळी खाल्ली, सावकाश, बोटं चाटून. वहिनी ताट धरून समोर उभ्या होत्या.

"अजून हाय का गं?" आबांनी विचारलं.

ताट रिकामं होतं. वहिनींनी ते माझ्या हातात दिलं, लुगड्याचा घोळ वर धरला, आणि त्या वयाची ती बाई चालायला केलेल्या रस्त्यावरून घराकडे पळत सुटली.