बाजूनं पाहणारे मामाजी

मामाजी, म्हणजे माझे सासरे, कोणाकडेही सरळ पाहत नसत. बोलायचे माझ्याशी आणि नजर माझ्या कानाशेजारच्या भिंतीवर. लग्न होऊन गोंदियाजवळ कुडव्याच्या घरात आले तेव्हा वाटलं, यांना सून काही पसंत पडलेली नाही. नवऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, "बाबाले आदत आहे. आभाळ पाहू पाहू तसे झाले." मी चहा टाकला.

मामाजींचा फोटो स्टुडिओ होता. पोटासाठी लग्नं आणि पासपोर्ट फोटो. जीव मात्र तेजोमेघांत अडकलेला. आभाळातले ते फिकट ढग नुसत्या डोळ्यांना असून नसल्यासारखे. "फिक्की चीज सरळ पाहिली का गायब होते," ते सांगायचे. "जराशी बाजूनं पाह, मंग दिसते." इतकी वर्षं हेच केल्यावर माणसांकडेही ते तसंच पाहू लागले होते.

डिजिटल कॅमेऱ्यात सेन्सरपुढे एक काच असते. चेहरे लालभडक येऊ नयेत म्हणून ती लाल रंग अडवते. तेजोमेघ तर त्याच लाल रंगाचे. मामाजींनी आपल्या जुन्या कॅमेऱ्याची ती काच काढून टाकली आणि दिसायला तसाच दुसरा कॅमेरा लग्नांसाठी ठेवला. दोन्ही एकाच पिशवीत. व्हायचं तेच झालं. नात्यातल्या एका हळदीला आभाळाचा कॅमेरा गेला आणि नवरीसकट सगळं वऱ्हाड लालबुंद झालं. नवरीचा बाप तणतणत दुकानात आला, "ही हळद व्हय का गुलाल?" मामाजी त्याच्या खांद्यापलीकडे पाहत म्हणाले, "रंग पाहू नका ना भाऊ. पोरगी किती खूश दिसून राहिली, ते पाहा." पुढे वर्षभर आमच्या घरात तिखट जास्त पडलेल्या भाजीलाही हळद म्हणत.

नवरा तिरोड्याला वीज केंद्रात कामाला. "पोरगा उजेड करते, बाप अंधार धुंडते," असं मामाजी येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचे. गोंदियाच्या आभाळात अंधार उरलेलाच नव्हता. तो होता माझ्या माहेरी, सालेकशाकडच्या जंगलात, आमच्या पूर्वजांनी बांधलेल्या तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर. त्यामुळे हिवाळ्यात माझं माहेरपण म्हणजे कानाला स्कार्फ बांधून मामाजींसोबत पाळीवर बसणं. मी आरोग्य उपकेंद्रात नर्स. आठवडाभर लसी, बाळंतपणं, वाड्यावस्त्यांवर स्कूटी, घरी आल्यावर पोळ्या. खरं सांगायचं तर मला तारे नको होते, झोप हवी होती. पण म्हाताऱ्या माणसाला एकटं कोण सोडणार?

एका फोटोत काही म्हणजे काही दिसत नसे. मी म्हणायचे, "मामाजी, कायले एवढा खटाटोप? काळंच तर येते." ते म्हणायचे, "एकात नाही दिसत वं बाई. शंभर काढ, एकावर एक ठेव, मंग वर येते." मला वाटायचं, थकव्याचंही तसंच आहे. एका दिवसाचा कोणाला दिसत नाही.

मग त्यांचे डोळे गेले. म्हणजे पूर्ण नाही. डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजला. आता काही इलाज नाही, असं नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं. सरळ पाहिलं की समोरचं पुसलं जायचं, कडेचं तेवढं उरायचं. "बरं झालं, बाजूनं पाहाची आदत आधीच होती," मामाजी हसले. घरी मात्र जेवले नाहीत. मृग नक्षत्राच्या शेजारी गुलाबाच्या आकाराचा एक तेजोमेघ आहे. तो त्यांना कधी नीट साधला नव्हता. "कडेचंही जाईल आता. त्याच्या आधी तेवढा एक गुलाब पाहिला का झालं," ते म्हणाले.

त्या हिवाळ्यात कॅमेरा मी धरला. ते ट्रायपॉडला हात लावून बसायचे आणि मी ताऱ्याचा ठिपका बारीक होईपर्यंत लेन्स फिरवायचे. कधी ढग, कधी तलावावरचं धुकं, कधी काचेवर दव. परत यायचं, सोमवारी ड्यूटीवर जायचं. चिडायचे मी, आणि पुन्हा जायचे. शेवटी पुरेसे फोटो जमले. नवऱ्याने ते कॉम्प्युटरवर एकमेकांवर रचले, आणि काळ्यातून खरंच एक लाल गुलाब वर आला.

आम्ही तो टीव्हीवर लावला. मी ड्यूटीवरून आले होते तशीच, पर्स खांद्याला, टीव्हीच्या बाजूला उभी. नवरा म्हणाला, "बाबा, पाहा." मामाजींनी खुर्ची सरकवली आणि अगदी सरळ, पडद्याच्या मधोमध पाहू लागले. सरळ पाहिलेलं त्यांना दिसत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. "मामाजी, जरा बाजूनं," मी म्हटलं.

"बाजूनंच पाहून राहिलो," ते म्हणाले. "लई थकली वं बाई तू. जा, झोप. गुलाब काही पळून नाही जात."

मग त्यांनी मान वळवून गुलाबही पाहिला. बराच वेळ.

त्या उन्हाळ्यात मामाजी गेले. गुलाबाचा फोटो समोरच्या खोलीत आहे. येणारे पाहतात, वाहवा करतात. मी ड्यूटीवरून येते, पर्स ठेवते, पोळ्या करायला आत जाते. सगळे माझ्याकडे सरळ पाहतात.