दोन नामांकितांचा एक कोयता

आमच्या गावात दोन माणसं न हरता म्हातारी झाली, आणि त्या दोघांत मोठा कोण या वादाने बाकीचं गाव म्हातारं केलं. मी नांदायला आले त्या दिवशी सोसायटीच्या ओट्यावर हाच वाद चालू होता. आता माझं डोकं पांढरं झालंय, सोसायटी बुडून पुन्हा उभी राहिली, पण वाद काही मिटला नाही.

त्यातला एक तात्याबा पैलवान. मेंढरांमागे वाढलेला, दाराएवढा रुंद, बोलायला मंद. उमापूरपासून नारायणगडापर्यंतच्या जत्रांत त्याने कुस्त्या मारल्या, पण त्याची पाठ कधी मातीला लागली नाही. दुसरा भगवानराव, कबड्डीतला. अंगाने वाळका, जिभेने तिखट. चढाईला गेला की समोरच्या सात जणांतल्या कुणाला तरी शिवून परत यायचा. त्याला कुणी धरून ठेवल्याचं गावाला आठवत नाही.

दोघांचे खेळ वेगळे, त्यामुळे त्यांना एकमेकांशी लढवता येईना, ही खरी अडचण. पैलवानाच्या बाजूचे म्हणायचे, "सुटून पळण्यात कसली आलीय मर्दुमकी?" भगवानरावाचे म्हणायचे, "तुमचा एकाला पाडतो, ते बी अर्धा घंटा घासून. आमचा साताजणांत जाऊन येतो, ते बी एका दमात." कुणी म्हणे, कबड्डीत पाठीशी सहा गडी असतात, कुस्तीत आपलं आपण. त्यावर लगेच दुसरा, "सहा असतेत, पर चढाईला एकटाच जातो ना बे!" पाऊस नाही, शेतात काम नाही, मग ओट्यावर दुसरं करणार काय? इकडे भाकरी गार व्हायच्या आणि आमचे मालक तिकडून हलायचे नाहीत. मला या वादाचा अगदी वीट आला होता.

ते दोघे स्वतः मात्र वादात कधी पडले नाहीत. पैलवान कडेला बसून ऐकायचा आणि बिडी विझवून उठायचा. पण ऐकायला तो न चुकता यायचा, हे मी पाहिलंय. त्याच्याकडे दुसरं होतं काय? जमीन माळाची, मेंढरं बहात्तरच्या दुष्काळात गेलेली. न लागलेली पाठ तेवढी उरली होती. ती तो इतकी जपायचा की चाळिशी जवळ आल्यावर त्याने कुस्ती घेणंच सोडून दिलं.

आणि एवढ्या नावाचा माणूस दसरा झाला की आमच्याच टोळीत ऊस तोडायला यायचा. भगवानरावही यायचा. नगरकडच्या एका सहकारी कारखान्यावर आमचा मुकादम पंडित आम्हाला न्यायचा. आमच्याकडे कोयता म्हणजे नुसतं हत्यार नव्हे, नवराबायकोची जोडी. नवरा ऊस तोडतो. बायको पाचट सोलते, मोळ्या बांधते, आणि ट्रक आला की डोक्यावर चुंबळ ठेवून, त्यावर मोळी घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून वर चढते. तेव्हा नवरा ट्रकमध्ये थर लावत असतो. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्धा कोयता कुणी नेत नाही.

शहाऐंशीच्या दुष्काळात हे दोघेही अर्धे झाले. पैलवानाची बायको सारजाबाई, जिला मी मामी म्हणते, तिची कंबर कायमची धरली. भगवानरावाची जानकीबाई आषाढात वारली. गावात हापसासुद्धा नुसती हवा ओकत होता. घरी राहून खायचं काय? दोघे पंडितकडे गेले, तर तो हसत सुटला.

"तुमी दोघं मिळून एक कोयता व्हा की. न्हाई तर ऱ्हावा घरी, ढेकळं खात."

दोघे कबूल झाले. ओट्याला तर आनंदच झाला. आता कळेल मोठा कोण ते, असं जो तो म्हणू लागला. जोडीतलं बाईचं काम कोण करणार, हे मात्र कुणी विचारलं नाही.

उसाच्या फडात गेल्यावर पहिल्या दिवशी दोघांनीही कोयते हातात घेतले आणि दोघांनीही ऊस तोडला. मोळ्या बांधायला कुणी वाकलं नाही. संध्याकाळी सगळ्यांचे ढीग बांधलेले, आणि या दोघांचा ऊस लग्न उरकलेल्या घरासारखा अस्ताव्यस्त. दुसऱ्या दिवशीही तेच. पंडितचा तोल सुटला. "उद्याच्या टरकात तुमच्या मोळ्या चढल्या न्हाईत, तर दोघं बी गावाकडं चालते व्हा!"

मग आमच्या चुलीपाशी बसून त्या दोघांनी तो वाद केला. गावाने तीस वर्षं केलेला वाद त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा केला, आणि तोही उलटा.

"पैलवान, वजन पेलायचं काम तुझं," भगवानराव म्हणाला. "तुझ्यावानी ताकद हाय का कुणात? मी आपला काडीपैलवान."

"फळीवर ताकद काय करती?" पैलवान म्हणाला. "तिथं तोल पायजे, चपळाई पायजे. ती तुझ्यापाशी हाय. तू मोठा गडी, भगवान."

"छ्या! मोठा तूच."

एरवी मला हसू आलं असतं. पण मी दिवसभर मोळ्या वाहून मोडले होते, आणि चुंबळ डोक्यावर घ्यायची दोघांना इतकी लाज वाटते हे बघून माझं डोकं फिरलं. मी भांडी जोरात आपटली.

सकाळी पैलवान माझ्या पाचटाच्या कोपीपुढे उभा. "पोरी, तुझी एखादी जुनी चुंबळ दे."

"तुमी वाहणार, मामा?"

"गावात ती उपाशी बसलीय ना."

मी चुंबळ दिली, मोळीला वाढ्याचा, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्याचा, आळा कसा आवळायचा तेही दाखवलं. एवढाल्या बोटांना ते जमेना, तरी तो दिवसभर वाकून बांधत राहिला. ट्रक आला तेव्हा सगळी टोळी काम सोडून बघायला लागली. त्याने मोळी डोक्यावर घेतली आणि आमच्या मालकांसकट पाचसहा जण ओरडले, "वैनी, पदर सावरा!" पैलवानाने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पहिल्या काही मोळ्या वर गेल्या. पण त्याच्या वजनाने फळी फार वाकत होती, आणि जन्मभर आखाड्यातल्या मातीत रुतवायची सवय झालेल्या पायांना त्या हलत्या फळीवर कुठे रुतावं ते कळेना. अर्ध्यावर गेला आणि कडेने खाली आला. पाठीवर पडला. मोळी छातीवर.

हसणं जागच्या जागी थांबलं.

भगवानराव ट्रकमधून उडी टाकूनच आला. मोळी बाजूला ढकलून आमच्याकडे वळला आणि ओरडला, "ह्ये धरायचं न्हाई! मोळीनं पाडलंय, माणसानं न्हाई. ऐकलं का बे सगळ्यांनी? ह्ये धरायचं न्हाई!"

पैलवान तसाच आभाळाकडे बघत पडून होता. "दोन्ही खांदे टेकले, भगवान," तो म्हणाला. "लागली ती लागली."

मला रडू आलं. त्याची दया आली, आणि हसणाऱ्यांचा रागही आला. आमच्या मालकांना मी पुढे दोन दिवस जेवायला वाढलं, पण एक शब्द बोलले नाही. भगवानरावाने मातीतली चुंबळ उचलली, झटकली आणि स्वतःच्या डोक्यावर ठेवली. उरलेल्या मोळ्या त्याने चढवल्या, थांबत थांबत, दम खात. त्याला मात्र कुणी वहिनी म्हटलं नाही. पुढे सगळा हंगाम एक दिवस हा वाहायचा, एक दिवस तो. कोयता टिकला.

चैत्रात आम्ही गावी परतलो. दुसऱ्या दिवशी मी कारखान्याकडचा गूळ द्यायला मामीकडे गेले. ती चुलीपुढे बसून भाकरी थापत होती, पैलवान भिंतीला टेकून बसला होता. वाटेत सबंध दिवस तो गप्प होता, कशाच्या भीतीने ते आत्ता कळलं. बाहेरून तिच्या कानावर जायच्या आत त्याला स्वतः सांगायचं होतं.

"सारजे," तो म्हणाला, "माझी पाठ लागली."

"कुठं?"

"फळीवरनं पडलो. मोळी घेऊन."

मामीने भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. "मग त्यात काय? मी बी पडलते की. तीनचारदा."

"कधी?"

"इहिरीपाशी फड होता त्या साली. मग पाचवा महिना होता तवा. आपलं पोटातलं ते गेलं बगा, ते त्यानंच."

पैलवान भिंतीपासून पुढे सरकला. "तवा मी कुठं होतो?"

"वर. थर लावत होतात. मोळी कावून थांबली म्हनून वराडलात. मग मी उठले."

"सांगितलं कावून न्हाई?"

"टरक भरायचा होता ना."

तो माझ्याकडे वळला. डोळे म्हाताऱ्या बैलासारखे झाले होते. "पोरी, तुला ठाव होतं?"

"मीच उठवलं होतं मामीला," मी म्हणाले. खोटं बोलावंसं वाटलं होतं, पण फार दमले होते.

मामीने भाकरी त्याच्या ताटात टाकली, शेजारी माझ्या गुळाचा खडा ठेवला. त्याने ताटाला हात लावला नाही. दोन्ही हात मांडीवर उलटे टाकून तो त्यांच्याकडेच बघत बसला.

"खावा," मामी म्हणाली. "गार व्हायलीय."